नेटला टिल्लू

नवऱ्याचं नाव घ्यायला मला कधी लाज वाटली नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होते. दिवसभर लोकांची नावं मोठ्याने पुकारायची सवय, ती घरीही गेली नाही. तेव्हा सरळच सांगते. माझ्या नवऱ्याचं नाव डोमाजी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले, अत्यंत सरळ माणूस, आणि आपण सरळ आहोत याचा भारी अभिमान असलेले. असा माणूस लांबून पाहायला छान असतो. घरात ठेवायला अवघड, हे मी अनुभवाने सांगते.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गयासुद्दीनभाई. सरकीच्या ढेपेचे व्यापारी. वऱ्हाडात म्हैस आहे तोवर आपल्या धंद्याला मरण नाही, असं ते म्हणायचे. माणूस दिलदार, पण संशयी. दूधवाला, पेट्रोलपंपवाला, शिंपी, जो कोणी काही मोजून देतो तो आपल्याला कमीच देतो, अशी त्यांची खात्री होती. त्यांची बायको जहाँआरा ही माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्यांबद्दल जे काही एकमेकींना सांगितलं आहे ते त्या दोघांना कळलं तर दोघंही घर सोडून जातील.

अमरावतीत वलगाव रोडच्या आतल्या गल्लीत आमची घरं लागून. रोज सकाळी भिंतीपलीकडून भाई म्हणायचे, "जय भीम, भाऊ." इकडून डोमाजी म्हणायचे, "सलाम, भाई." मग आज नळाला किती पाणी आलं, किती वेळ आलं, याची चर्चा. एवढं झाल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच यायचं नाही. किती शेतकऱ्यांनी जीव दिला ते मोजायला दिल्लीहून पथकं यायची, पांढऱ्या गाड्या चांदूर रेल्वे तालुक्याकडे जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. डोमाजी पेपराचं पहिलं पान न वाचताच उलटं घडी करून ठेवायचे. आमची मुलगी माया मात्र ते पान उघडून वाचायची. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात संशोधनाच्या कामावर होती, कपाशीवरच्या किडींच्या. आठवडाभर तिकडे खोली करून राहायची आणि सुटीला घरी यायची. येताना बॅगेत धुवायचे कपडे आणि काचेच्या बाटलीत अळ्या. कपडे मी धुवायचे. अळ्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती.

दोन्ही घरांत कॉम्प्युटर होते, दोन्ही जुने. आमचा एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासकडून घेतलेला. त्याच्या अंगावर 'बोलू नये' असा कागद चिकटवलेला होता, तो निघता निघत नव्हता. भाईंनी त्यांचा हिशेबासाठी घेतला होता, पण हिशेब ते तोंडीच करायचे, त्यामुळे जहाँआरा त्यावर दुपारभर पत्ते खेळायची. मग अकोल्याच्या ढेपेचे वायदेबाजारातले भाव नेटवर दिसतात असं भाईंना कोणीतरी सांगितलं. भाईंनी तडक आपल्या फोनवर नेटचं कनेक्शन घेतलं. आम्हाला आमच्या फोनवर मिळत नव्हतं. आमचा फोन पावसाळ्यात मेलेला आणि उन्हाळ्यात आजारी असायचा.

तेव्हा मायाने युक्ती काढली. राजकमल चौकातून एक कार्ड आणि लांबलचक वायर आणली. कार्ड भाईंच्या कॉम्प्युटरात बसवलं आणि वायर तिथून निघून भिंतीवरून आमच्या खिडकीत, आमच्या कॉम्प्युटरच्या पाठीत. एकच अट होती. भाईंचा कॉम्प्युटर चालू असेल तरच आमच्याकडे नेट.

भाईंनी वायर बोटाने दाबून पाहिली. "म्हंजे नेट माह्या घरातून तुमच्या घरी जाते?"

"हो, चाचा."

"मंग माह्या घरी कमी नाई पडत?"

"थोडंसं पडते," माया म्हणाली. "पण दोघांले पुरते."

पोरगी खरं बोलते, बापावर गेली आहे. पण ते 'थोडंसं' भाईंच्या कानात जाऊन बसलं आणि तिथून पुढे निघालं नाही.

कोणाचं फुकट घ्यायचं हे डोमाजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की लाइट गेली हे सांगायची गरज नसायची, आली तर सांगायचं. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. डोमाजींनी भिंतीच्या माथ्यावर एक बोर्ड ठोकला आणि त्यातून वायर भाईंच्या खोलीपर्यंत नेऊन दिली. लाइट गेली की आमच्या इन्व्हर्टरवर भाईंचा कॉम्प्युटर चालणार, आणि तो चालला की आमच्याकडे नेट येणार. एका वायरीने नेट इकडे, दुसरीने करंट तिकडे. दोन कॉम्प्युटर ओढताना इन्व्हर्टर धापा टाकायचा, म्हणून आमचा पंखा बंद ठेवावा लागायचा. एप्रिलच्या दुपारी मी पदराने वारा घेत बसायचे आणि भिंतीपलीकडे जहाँआरा आमच्या करंटवर पत्ते लावायची. तरी चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

आता टिल्लूबद्दल सांगायला हवं. टिल्लू म्हणजे हातभर आकाराचा छोटा पंप. नळाला थेट लावला की गल्लीतलं पाणी आपल्याकडे ओढून घेतो आणि शेजाऱ्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. आमच्या गल्लीत एखाद्याला दारुडा म्हणा, तो हसून सोडून देईल. त्याच्या घरी टिल्लू आहे म्हणा, डोकी फुटतील. आणि डोमाजींनी सगळी नोकरी हे टिल्लू पकडण्यात घालवली होती. स्वतःच्या साडूचासुद्धा त्यांनी जप्त केला होता. माझी बहीण तेव्हापासून माझ्याशी फक्त मयतीला बोलते.

झालं असं की आमच्याकडचं व्होल्टेज वेड्यासारखं वरखाली व्हायचं, म्हणून डोमाजींनी आमच्या कॉम्प्युटरला जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर जोडला. तो चालू झाला की घूंऽऽ असा आवाज करायचा. खिडकी भिंतीला लागूनच, त्यामुळे आवाज थेट भाईंच्या अंगणात.

एका सकाळी भाई भिंतीशी आले. माया अकोल्याला होती. जय भीम झालं, सलाम झाला, पाण्याचं झालं. तरी भाई हलेनात.

"भाऊ, एक इचारू का? राग नाई धरसान?"

"इचारा ना जी."

"तुमी नेटले टिल्लू लावला का?"

डोमाजी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "काय म्हनलं?"

"टिल्लू. नेटचा. निघाला असंल बजारात आता, मले मालूम नाई. पन तुमच्याकून घूंऽऽ आवाज सुरू झाला का माह्याकडचं पान अर्ध्यात अडकते. ढेपीचा भाव पाहाले बसलो का 'अकोला' तेवढं दिसते, भाव येतच नाई."

"गयासभाई, तुमी कोनाले बोलून राहिले, ध्यानात हाय का?"

"हाय ना. म्हून तं इचारलं. टिल्लूची सारी माहिती तुमालेच हाय."

मी दारातच उभी होते. 'भाई, तो स्टॅबिलायझर आहे' एवढं तीन-चार शब्दांत संपणारं काम होतं. मी तोंड उघडलंही. पण डोमाजींनी मला हाताने थांबवलं. चोराने खुलासा द्यायचा असतो, आपण काय चोर आहोत का, असा तो हात होता. ते आत गेले, पक्कड घेऊन आले आणि बोर्डातून भाईंच्या घरी जाणारी वायर कापली. एकदा कापून समाधान झालं नाही म्हणून आणखी दोनदा कापली. दुपारी भंगारवाला आला तेव्हा ते तुकडे त्याला देऊनही टाकले, का, तर डोळ्यांपुढे नकोत.

भाई तरी कशाला मागे राहतील. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीतून आमची वायर अशी हिसकली की तिच्या टोकावरची प्लास्टिकची इवलीशी कडी तुटून बाजेखाली गेली, आणि वायर आमच्या अंगणात येऊन पडली.

आता आमच्याकडे करंट होता आणि नेट नव्हतं. त्यांच्याकडे नेट होतं आणि दुपारी करंट नव्हता. दोन्ही कॉम्प्युटर दोन्ही घरांत झाकून ठेवलेले. स्टॅबिलायझरचं मी जहाँआराला सांगितलं, तिने भाईंना सांगितलं. भाई म्हणाले, "मंग भाऊ काहून नाई बोलले?" मी हे डोमाजींना सांगितलं. डोमाजी म्हणाले, "मंग त्याइनं काहून म्हनलं?" आयुष्यभर मी हट्टी पेशंट पाहिले, पण औषध समोर असून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलेले हे दोघेच.

बुधवारी संध्याकाळी माया आली. तिला काही माहीत नव्हतं. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, उद्या अकरा वाजता आहे माझं."

काय आहे ते मला माहीत होतं. ऑस्ट्रेलियात कापूस होतो, तिथल्या एका विद्यापीठात एक प्राध्यापकबाई कपाशीवरच्या किडींवर काम करतात. त्यांच्याकडे शिकायला जायची एकच जागा होती, शिष्यवृत्तीसकट. मायाने वर्षभर त्यांच्याशी मेलवर पत्रव्यवहार केला होता. आता बाईंना तिला समोरासमोर पाहून, बोलून ठरवायचं होतं, नेटवर कॅमेरा लावून. कॅमेरा आमच्या कॉम्प्युटरला होता. अकोल्याला तसली सोय मिळाली नाही म्हणून ती घरी आली होती. घरी सगळं आहे म्हणून.

मी तिला सगळं सांगितलं. ती चपला न काढताच भाईंकडे गेली.

"बेटा, तुह्यासाठी कदीबी," भाई म्हणाले. "पन भाऊंनी वायर कापली. त्याइनं एक शब्द बोलावा, मी आत्ता जोडतो."

माया परत आली. डोमाजी म्हणाले, "माही काई ना नाई. पन टिल्लूचा शब्द त्याइनं मांगं घ्यावा."

"बाबा, उद्या अकरा वाजता आहे!"

"अकरा वाजता असो का बारा वाजता. इज्जतीले टाइम नसते."

तेव्हा मी डोमाजींना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी जेवताना भाजी दुसऱ्यांदा मागितली नाही, यावरून काय ते समजा.

माया तशीच स्कूटीवर बसून सायबर कॅफेत जाऊन आली. कॅफेत जनरेटर होता, पण कॅमेरा नव्हता. आमचा कॅमेरा लावू का विचारलं, तर कॅफेवाला म्हणाला, बाहेरच्या कॅमेऱ्यातून व्हायरस येतो. ती पलंगावर पाय दुमडून बसली आणि रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "आई, मी त्यांले सांगून टाकतो का नाही जमत."

तिच्या त्या आवाजाने माझं डोकं ठिकाणावर आलं. या दोन म्हाताऱ्यांच्या मानपानात माझ्या पोरीचं वर्ष, कदाचित आयुष्य जात होतं आणि मी भाजी वाढत बसले होते.

गुरुवारी सकाळी दहाला नेमाने लाइट गेली. मी पदर खोचला, भाईंच्या दारात उभी राहिले आणि वॉर्डातला आवाज काढला. "गयासभाई, उठा. कॉम्प्युटर उचला."

भाई गोंधळले. "कुठीसा न्यायचा, सिस्टर?"

"भिंतीपाशी. करंट आता तुमच्या खोलीपर्यंत पोचत नाही, तर खोलीच भिंतीपाशी आणू. भांडण तुमचं हाय, ते उद्या करा. पोरगी माही हाय, तिचं आज हाय."

भाई काही बोलणार होते. पण जहाँआरा त्यांच्या आधी उठली होती. तिने कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं झाकण काढलं, मागच्या वायरी एका हाताने उपटल्या आणि त्याचा डबा कडेवर घेतला. मग भाईंना काय उरलं? ते बाज घेऊन आले.

भिंतीला टेकून बाज, बाजेवर डबा, डब्याशेजारी नेटचा मोडेम. भाईंच्या फोनची वायर लांबच लांब होती, कारण उन्हाळ्यात ते अंगणात बसूनच फोनवर सौदे करायचे. ती मोडेमपर्यंत बरोबर आली. कॉम्प्युटरचा पडदा आणायची गरज नाही, म्हणाली माया, डबा चालू झाला की नेट आपोआप येईल. आमच्या बाजूने मी नेटची वायर भिंतीवरून दिली. बोर्ड भिंतीला होताच. मोडेमचा प्लग एका भोकात बसला.

डब्याचा प्लग दुसऱ्या भोकात बसेना. बसायचा, पण वापरून वापरून भोक इतकं ढिलं झालेलं की हात काढला की डबा बंद. आणि तिकडे नेटच्या वायरीची कडी तुटलेली. खुपसली की नेट येई, हात काढला की गळून पडे. माया घड्याळाकडे बघत होती. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

"बाबा!" तिने घरात हाक मारली. "प्लग दाबून धरा."

डोमाजी आले. त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं नाही. स्टूल ओढून त्यावर उभे राहिले, भिंतीवरून वाकले आणि प्लग अंगठ्याने दाबला. पलीकडून भाई खाली वाकले आणि वायर डब्याच्या पाठीत दाबून धरली. डब्याने टूं केलं, दिवे लुकलुकले, आणि खोलीतून माया ओरडली, "आलं! कोणी हलू नका!"

मी मायाच्या खोलीत, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, दारामागे उभी राहिले. तिथून खिडकीबाहेर दोघांची डोकीही दिसत होती. हातभर अंतरावर समोरासमोर तोंडं, आणि एकमेकांकडे न पाहण्यासाठी दोघांनी माना अशा वळवलेल्या की लकवा मारल्यासारखं दिसत होतं. जहाँआराने छत्री आणली आणि डब्यावर धरली.

"मले ऊन लागून राहिलं ना," भाई कुजबुजले.

"आप को कुछ नहीं होता," जहाँआरा म्हणाली. "कम्प्यूटर गरम हो रहा है."

पडद्यावर प्राध्यापकबाई आल्या. पांढरे केस, चष्मा, गळ्यात मण्यांची माळ. मला वाटलं होतं फार कडक असतील, पण त्या हसल्या. इंग्रजी आमच्या मेट्रनपेक्षा वेगळं होतं, अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. माया मात्र बोलत होती. चारचौघांत एक शब्द बोलायच्या आधी तीनदा घसा खाकरणारी माझी पोरगी सरळ बसून, हातवारे करून बोलत होती. पानाच्या कोणत्या बाजूला अंडी असतात, फवारणीनंतर कोणते चांगले किडे आधी मरतात, हे सगळं.

मध्येच बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला.

"चाचा, दाबा!" माया मराठीत ओरडली.

"दाबूनच हाय व बेटा!"

"अजून!"

बाईंचं तोंड मिटलं आणि पुन्हा बोलू लागलं. त्यांनी विचारलं, ते मला नीट कळलं: एवढ्या लांब का यायचं आहे तुला? माया खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, आमच्याकडे शेतकऱ्याला औषध विकायला खूप लोक येतात. मोजायलाही येतात, किती गेले ते. पण त्याच्या झाडावर बसून नेमकं काय चाललंय ते रोज पाहणारं कोणी नाही. मला ते पाहायला शिकायचं आहे, आणि मग इथेच पाहायचं आहे. बाईंनी चष्मा काढला आणि काहीतरी लिहून घेतलं.

इकडे भिंतीवर वेगळंच संकट आलं होतं. एक मोठा मुंगळा भाईंच्या मानेवर चढला. भाईंचे दोन्ही हात डब्याच्या पाठीत. त्यांनी मान झटकली, खांदा उडवला, फूं फूं केलं. मुंगळा कॉलरपाशी थांबला आणि विचार करू लागला. जहाँआराला छत्रीआडून दिसत नव्हतं. डोमाजींना दिसत होतं. त्यांचा डावा हात मोकळा होता. मी पाहत होते. त्यांनी मुंगळ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा मुंगळ्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्यांनी तो टिचकीने उडवला.

भाईंनी मान तशीच पुढे केली. मग म्हणाले, "कानामांगं अजून एक हाय."

डोमाजींनी तोही उडवला.

"भाऊ," भाई खिडकीकडे बघत म्हणाले, "हे घूंऽऽ आत्ताबी होऊन राहिलं. थो लाल दिव्याचा डबा, थो स्टॅबिलायझर हाय का?"

"हो."

"फ्रिजचा?"

"जुन्या फ्रिजचा."

"मंग सांगाले नाई पायजे होतं का?"

"तुमी इचारलंच कुठी? तुमी तं सांगूनच टाकलं मी चोर हाय."

भाईंचं तोंड उतरलं. ऊन दोघांच्या टाळक्यावर होतं, दोघांचा घाम भिंतीवर ठिपकत होता. "गलती झाली, भाऊ," भाई म्हणाले. "मले सारेच कमी देतात असं वाटते. बाप मेला तवापासून वाटते. तुमी नाई देत कमी, हे मले मालूम हाय."

डोमाजींनी मान हलवली. ते म्हणाले, "मीबी भंगारवाल्याले वायर द्याले नोको होती. चांगली होती."

दोघं हसले नाहीत की काही नाही. नुसते आपापल्या जागी दाबून उभे राहिले. आत माया बोलत होती.

ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या मागे होते. तिचा कुडता पाठीला चिकटला होता, आणि चेहरा असा की मला काही विचारायची गरज उरली नाही.

"बाबा, चाचा, सोडा आता. झालं."

कोणी सोडलं नाही. "काय म्हने?" डोमाजींनी विचारलं.

"ये म्हणाल्या. पत्र पाठवतात आठ दिवसांत. सप्टेंबरात जायचं."

जहाँआराने छत्री फेकली, भिंतीवरून हात घालून मायाचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि तिच्या कपाळाचे मुके घेतले. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते. आम्हा दोघींच्या मध्ये ते दोघं अजून वाकलेलेच.

"कितीक दिसासाठी हाय, बेटा?" भाईंनी विचारलं.

"चार वर्षं, चाचा."

हे मला माहीत होतं. डोमाजींनाही माहीत होतं, वर्षभर माहीत होतं. पण दोन दिवस आम्ही सगळे वायर, बोर्ड, प्लग, इज्जत यांत इतके गुंतलो होतो की ती चार वर्षं आमच्या घरातूनच वजा होणार आहेत हे मनात आलंच नव्हतं. आता आलं. माझ्या टाळ्या आपोआप थांबल्या.

डोमाजी आपल्या अंगठ्याकडे पाहत होते. दाबून दाबून तो पांढरा पडला होता. "हलूबी नाई देलं मी," ते म्हणाले. "सारा वेळ दाबून धरलं. दोन मानसं उन्हात उभं राहून, घट्ट धरून..." पुढचे शब्द आले ते नळाला शेवटचं पाणी येतं तसे थोडे थोडे. "अन् पोरगी धाडून बसलो."

"बाबा," माया म्हणाली.

भाईंनी मान वर केली. त्यांचेही डोळे भरले होते, ते त्यांनी खांद्याला पुसले, कारण हात मोकळे नव्हते. "मीबी तं धरूनच होतो, भाऊ."

"मंधात सोडून देलं असतं तं?"

"तुमी सोडत होते का?"

"नाई."

"मीबी नाई."

शेवटी मायानेच भिंतीवरून वाकून डब्याचं बटण दाबलं. दिवे गेले, आवाज थांबला, तेव्हा कुठे दोघांनी बोटं उचलली.